पेशीच्या दारापर्यंत औषध
(वार्षिक सभेतील भाषण)



वर्तमानपत्राचे कात्रण हाती घेऊन आपल्यापैकी काही जण आम्हांस विचारतात, "जनुक गप्प करणारे औषध आमच्या रुग्णास मिळेल काय?" त्याचे उत्तर आज देण्याचा मानस आहे.

सदोष प्रथिन घडविण्याचा जनुकाचा निरोप वाटेतच खोडून टाकणारे आखूड आरएनए, हे ते औषध. ही यंत्रणा १९९८ साली उलगडणाऱ्या अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण आहे ती औषध पोहोचविण्याची. उघडे आरएनए रक्तात लवकरच नष्ट होते आणि पेशीचे आवरणही ओलांडू शकत नाही. त्यास वाहन लागते. पॉलिएथिलिनइमाइन नावाचे पॉलिमर त्यास घट्ट धरते. परंतु ते शरीरात विघटित होत नाही व पेशींनाच अपाय करते.

काम संपताच विरून जाणारे पॉलिमर मात्र आपल्या शस्त्रक्रियागृहात नित्य वापरात आहे. विरघळणारे टाके आपण पाहिलेच असतील. त्यांतील एका प्रकारात लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांची साखळी असते, आणि शरीरातील पाण्याने ती हळूहळू सुटते. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातला आंबटपणा. ते साखर आंबवूनही काढतात, हे ऐकून प्रवराकाठच्या मंडळींस कौतुक वाटेल!

नागपूर विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले डॉ. विनोद लाभसेटवार यांनी अमेरिकेत याच पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांवर संशोधन केले. पेशी असा कण आत घेते ती पिशवीत कोंडूनच, व तेथे औषध वाया जाण्याचा धोका असतो. पिशवीतील आम्लतेमुळे कणाचा विद्युतभार पालटतो आणि कण बाहेर निसटतो, असे त्यांच्या गटाने २००२ साली दाखविले. तरीही पाण्यात सहज विरघळणारे आरएनए या कणांत पुरेसे भरणे अवघडच आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात याच पॉलिमरची औषधयुक्त कांडी गाठीत ठेवण्याची १५ रुग्णांवरील चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ती आरंभीची चाचणी होती, सिद्ध उपचार नव्हे.

अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळालेले या जातीचे पहिले औषध, पॅटिसिरान, मेदकणांतून दिले जाते. त्यानंतरची औषधेही मुख्यतः यकृतापर्यंतच पोहोचतात. कर्करोगाच्या गाठीसाठी असे औषध आमच्याकडे नाही.

कोणी या नावाखाली रक्कम मागत असेल, तर जमीन गहाण टाकण्यापूर्वी ते कागद आम्हांस अवश्य दाखवावेत.