कागद कुठं आहे, ते आधी ओळखा

बचत गटाच्या वतीनं आम्ही इथं येतो तेव्हा कर्ज, हप्ते, शेळ्या, शिलाई यांवरच बहुतेक बोलतो. आज विषय वेगळा आहे. घरावर पोलीस केसची वेळ आली, तर तिचे कागद आपल्याला कसे मिळतात, हे सांगायचं आहे. हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी ठेच लागून शिकलो.

आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक बांधाच्या भांडणात मार लागून वारले. फिर्याद ताईंचीच. गुन्हा नोंदला गेला, दोषारोपपत्र न्यायालयात गेलं. पण रक्ताचे कपडे आणि काठी तपासायला प्रयोगशाळेत पाठवली होती, त्याचा अहवाल काही येईना. विचारायला गेलं की एकच उत्तर, "अजून आला नाही." असं वर्ष गेलं.

कुणी सांगितलं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आम्ही बैठकीतच लिहायला बसलो. शवविच्छेदनाचा अहवाल द्या, पंचनामे द्या, सगळ्या साक्षीदारांचे जबाब द्या, तपासाला उशीर का केला ते सांगा. दोन पानं भरली. महिन्यानं उत्तर आलं, "कलम ८ (१) (ज) नुसार माहिती देता येत नाही." ताई म्हणाल्या, "माणूस माझा गेला, आणि कागद मलाच नाही?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेलो. तिथल्या वकीलबाईंनी आधी आमची चूक दाखवली. आम्ही एकाच दारावर सगळं मागत होतो. केसच्या कागदांना तीन दारं आहेत.

पहिलं दार पोलीस ठाण्याचं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट द्यावी लागते. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. माणूस वारला असेल तर त्याचे कायदेशीर वारसही पीडितच धरले जातात.

दुसरं दार न्यायालयाचं. दोषारोपपत्र दाखल झालं की पंचनामे, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल हे सगळं न्यायालयाच्या फाइलमध्ये जातं. कलम २३० प्रमाणे आरोपीला या कागदांचा संच विनामूल्य मिळतो, आणि पीडितानं वकील दिला असेल तर पीडितालाही मिळतो. इथंच आमच्या ताई अडल्या होत्या. सरकारी वकील केस चालवतात म्हणून त्यांनी स्वतःचा वकील दिलाच नव्हता. मैत्रिणींनो, विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे.

पुढं लागतील ते कागद न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळतात. न्यायालयाच्या फाइलमधले कागद माहिती अधिकारात नव्हे, तर न्यायालयाच्या नियमांनी नकलेचा अर्ज करूनच घ्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं आहे. आणि दोषारोपपत्र हा सगळ्यांसाठी खुला कागद नाही, असं २०२३ साली. म्हणून शेजारणीच्या केसचे कागद आपण सहज मागू शकत नाही, आणि ते बरंच आहे.

मग माहितीचा अधिकार कशाला, असं तुम्ही म्हणाल. ते तिसरं दार. चालू केसमधला पुरावा त्या दारानं सहसा हाती येत नाही. पण त्या पुराव्याचा प्रवास विचारता येतो. कपडे ठाण्यातून कधी निघाले, प्रयोगशाळेत कधी पोचले, स्मरणपत्र पाठवलं का, हे सांगितल्यानं कुणाचाही तपास बिघडत नाही.

म्हणून आम्ही दुसरा अर्ज लिहिला. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तीही आता पाळली. फक्त चार गोष्टी विचारल्या. अमुक गुन्हा क्रमांकातला मुद्देमाल प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पाठवला? त्या पत्राचा जावक क्रमांक काय? प्रयोगशाळेकडून आलेल्या पत्रांच्या तारखा काय? आपण स्मरणपत्रं पाठवली असल्यास त्यांच्या प्रती द्या. "का" हा शब्द मुद्दाम गाळला. कारण हा कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, खुलासा नाही. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाही, दाखला जोडायचा. प्रतींना पानामागं २ रुपये. माहिती कशाला हवी, हे कुणी विचारू शकत नाही.

एक पान आलं. त्यात लिहिलं होतं की अहवाल तयार असल्याचं प्रयोगशाळेनं पाच महिन्यांपूर्वीच कळवलं होतं. तो आणायला कुणी गेलंच नव्हतं.

ताईंनी ते पान घडी करून पदराखाली धरलं आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी वकिलांपुढं ठेवलं. पुढच्या तारखेला अहवाल न्यायालयात आला. निकाल अजून लागायचा आहे, साक्षी चालू आहेत. पण ताई आता "काय झालं हो?" असं विचारत फिरत नाहीत. तारीख त्यांना ठाऊक असते, फाइल त्यांच्या पिशवीत असते.

नकार आला तर घाबरू नका. नकाराच्या पत्रात कारण, अपिलाची मुदत आणि अपील कुणाकडं करायचं ते लिहिलेलं असलंच पाहिजे. पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांचं तिकीट लावून. तपास चालू आहे एवढंच म्हणून माहिती नाकारता येत नाही, ती दिल्यानं तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ साली म्हटलं आहे. अपिलात हा मुद्दा जरूर लिहा. तिथंही काही झालं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील करता येतं.

शेवटी एक कळकळीची विनंती. कागद हाती आला की त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नका. जबाब देणारे साक्षीदार आपल्याच गल्लीत राहतात, त्यांच्यावर दबाव आला तर केस आपलीच पडते. आणि बलात्काराच्या केसमध्ये पीडितेचं नाव किंवा ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे.

आमच्या गटात आता कर्जाच्या वहीशेजारी आणखी एक वही असते. कुणाचा गुन्हा क्रमांक, केस क्रमांक, पुढची तारीख, कोणता अर्ज कधी दिला, पोच घेतली का, सगळं तिच्यात लिहितो. तुमच्या गटातही एखादी ताई गप्प बसलेली असेल, तर पुढच्या बैठकीत तिला एवढंच विचारा, "एफआयआरची प्रत मिळाली का तुला?" तिथून सुरुवात होते.