कुत्र्याबरोबर जाणारी वही
(रेडिओवरील भाषण)



आमच्या घरी नवा कुत्रा आला की मी आधी एक वही काढते. शाळेतल्या मुलांची असते तशी, शंभर पानी. वर त्याचं नाव, खाली तो घरी आल्याची तारीख, आणि मग पहिल्या रात्री त्यानं काय केलं ते. बहुतेक वह्यांच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे : पलंगाखाली गेला, बाहेर आला नाही.

गेली नऊ वर्षं मी कुत्री सांभाळते आहे, पण त्यातलं एकही माझं नाही. गावाबाहेरच्या एका निवाऱ्यातून मी ती आणते. महिना-दोन महिने, कधी चार महिने ठेवते, घरात राहायला शिकवते आणि कायमचं घर मिळालं की त्या माणसांच्या हाती देते. या कामाला आम्ही सगळे 'फॉस्टर करणं' म्हणतो. दत्तक घेणं वेगळं, हे वेगळं. हा मधला मुक्काम आहे.

निवाऱ्यात कुत्री येतात कुठून, असं मला नेहमी विचारतात. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण झालं की २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे साधारणपणे त्याला त्याच्याच वस्तीत परत सोडायचं असतं. कानाचा छोटा तुकडा कापलेला दिसतो ना, ती त्याची खूण. निवाऱ्यात मागे उरतात ती गाडीखाली सापडलेली, जखमेत किडे पडलेली, आई गेलेली पिल्लं, आणि घरातून काढलेली. बदली झाली, घर बदललं, घरात बाळ येणार आहे, म्हणून बांधून ठेवलेली किंवा हायवेवर उतरवून दिलेली. पाळलेलं जनावर असं सोडून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी गळ्यात पट्ट्याचा वळ असलेली कुत्री येतच राहतात, आणि हीच सगळ्यांत जास्त दाराकडे बघत बसतात.

निवाऱ्यातली माणसं जीव तोडून काम करतात. पण एक भुंकलं की चाळीस भुंकतात. त्या गलक्यात कुत्रं नीट झोपत नाही. अमेरिकेत पाच निवाऱ्यांतल्या २०७ कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ही कुत्री एक-दोन रात्रींसाठी माणसांच्या घरी राहायला नेली आणि त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक, मोजलं. घरी असताना ते उतरलं. निवाऱ्यात परतल्यावर पहिल्याइतकं झालं, पण त्याच्या वर गेलं नाही. हे दुसरं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. कारण 'घर दाखवून परत नेलंत तर जास्त हाल होतील' म्हणून मागे हटणारी कितीतरी चांगली माणसं मला भेटली आहेत.

आता सावळीबद्दल सांगते. दोन वर्षांची देशी कुत्री, मागचा पाय मोडून जुळलेला. जानेवारीत मी तिला आणलं. ती कधी घरात गेलेलीच नव्हती. आपल्याला घर म्हणजे ऊब वाटते, पण तिच्यासाठी घर म्हणजे काय होतं? पाय घसरणारी गुळगुळीत फरशी. डोक्यावर फिरणारा पंखा. आरशातलं अनोळखी कुत्रं. बेल, मिक्सर, फ्लशचं पाणी. आणि कुकर. पहिल्या शिट्टीला ती जागेवरच मुतली आणि नंतर दीड दिवस जेवली नाही.

कुत्र्याला शिकवणं म्हणजे 'बस', 'शेकहँड दे', असं पुष्कळांना वाटतं. सावळीला मी बसायला शिकवलं ते अगदी शेवटी. आधी कुकर. कुकरची शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि आतल्या खोलीतून, जेमतेम ऐकू येईल अशी लावली. शिट्टी वाजली की लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. शिट्टी आधी, तुकडा नंतर. उलटं केलं, तर चिकन दिसलं की आता शिट्टी येणार हे ती शिकते आणि चिकनलाही घाबरायला लागते. मी सुरुवातीला हीच चूक केली होती. दिवसातून पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नाही. आवाज रोज थोडा वाढवायचा. तिनं मान फिरवली, जीभ नाकावरून फिरवली, नुसतीच जांभई दिली, तर आपण घाई केली असं समजून आवाज खाली आणायचा. तीन आठवड्यांनी खरा कुकर ओट्यावर शिट्टी देत होता आणि सावळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन माझ्या हाताकडे बघत होती.

जिन्याचं असंच. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. चौदा किलोचं कुत्रं रोज उचलून नेणं माझ्या कमरेला झेपण्यासारखं नव्हतं. पण ओढत न्यायचं नाही हे ठरलेलं. मग तिला उचलून अगदी वरच्या पायरीवर ठेवायची, म्हणजे घर एकाच पायरीवर. ती चढली की दार उघडं, खाऊ समोर. दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या खाली, मग चार. शेवटाकडून सुरुवात केली की प्रत्येक वेळी ती ओळखीच्या ठिकाणी पोहोचते. अकराव्या दिवशी ती तळापासून चढून आली.

गुरगुरण्याविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथं होतं. कुत्रं ताटलीजवळ गुरगुरलं की घरातलं कुणीतरी त्याच्यावर ओरडतं, फटका देतं. काही दिवसांनी गुरगुरणं थांबतं आणि सगळे म्हणतात, सुधारला. तो सुधारलेला नसतो. 'जवळ येऊ नका' हे सांगायची सोय आपण त्याच्याकडून काढून घेतलेली असते. भीती आत तशीच असते, आणि मग एक दिवस तो काही न सांगता चावतो. माझ्या घरी गुरगुरणारं कुत्रं मला जे कळवतंय ते मी ऐकते. दोन पावलं मागे जाते आणि तिथूनच ताटलीत आणखी चांगला तुकडा टाकते. माणूस जवळ आला की अन्न जातं, असं ते शिकून आलेलं असतं. माणूस आला की अन्न वाढतं, हे त्याला नव्यानं शिकायचं असतं.

पिल्लांचं गणित वेगळं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. नेमक्या याच दिवसांत लसी पूर्ण झालेल्या नसतात आणि पार्वोसारखा आजार मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून मी पिल्लाला जमिनीवर ठेवत नाही, पण घरात कोंडूनही ठेवत नाही. कापडी पिशवीत छातीशी धरून रिक्षा स्टँडवर, मंडईच्या तोंडाशी नेते. टोपीवाली माणसं, काठीवाली माणसं, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं तिथून दाखवते.

आणि हे काम करणाऱ्या घरानं रेबीजच्या बाबतीत हयगय करू नये. आपल्या डॉक्टरांना विचारून लस आधीच घेऊन ठेवावी. तरीही दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद नको, चुना नको.

आता वहीकडे येते. ती मी पहिल्यापासून लिहीत नव्हते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक पिवळा कुत्रा होता. देखणा, सगळ्यांच्या अंगाशी येणारा. फक्त एकटं ठेवलं की रडायचा, दार ओरबाडायचा. घर मिळावं म्हणून मी नव्या कुटुंबाला 'शांत आहे' एवढंच सांगितलं. ते नवरा-बायको दोघं नोकरीला. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या आणि नवव्या दिवशी त्यांनी त्याला परत आणलं. त्यांचा काही दोष नव्हता. मी माहीत असलेली गोष्ट लपवली होती, आणि तिची किंमत त्या कुत्र्यानं दिली. परत आल्यावर तो दोन महिने कुणाच्याच अंगाशी गेला नाही.

तेव्हापासून मी लिहायला लागले. पिंजऱ्यातलं कुत्रं घरात कसं असेल हे निवाऱ्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. ते मला दिसतं. म्हणून फॉस्टर करणाऱ्याचं पहिलं काम खरी माहिती देणं हे आहे, असं मी मानते. किती वाजता शू लागते. कशाला घाबरतं. कुठे हात लावला की अंग चोरतं. किती मिनिटं एकटं राहू शकतं. त्या पिवळ्याला मी पुढे दहा सेकंदांपासून एकटं राहायला शिकवलं. दाराबाहेर जायचं, त्यानं रडायच्या आत परत यायचं. मग वीस सेकंद, मग मिनिट. घरात कमी आवाजात रेडिओवरचं शास्त्रीय संगीत लावून जायचे. बेलफास्टच्या संशोधकांनी २००२ साली निवाऱ्यातल्या कुत्र्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून पाहिले होते. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत चालू असताना ती जास्त वेळ आडवी आणि गप्प राहिली. हेवी मेटलनं भुंकणं वाढलं. आपल्या रागदारीवरचा असा प्रयोग माझ्या वाचनात नाही, पण सतारीच्या विलंबित आलापीनं पिवळ्याचे डोळे मिटताना मी रोज पाहिले आहेत. साडेतीन तास एकटा राहायला लागल्यावर तो गेला. वहीत लिहिलं होतं, साडेतीन तास, चार नाही. एका निवृत्त शिक्षकांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, आम्ही दोघं घरीच असतो.

'इतका जीव लावून मग देववतं कसं?' हे सगळेच विचारतात. जड जातं. पट्टा दुसऱ्याच्या हातात देताना प्रत्येक वेळी जड जातं. पण माझ्या घरी जागा एकाच कुत्र्याची आहे. सावळीला ठेवलं असतं, तर तिच्यानंतरची तीन कुत्री पिंजऱ्यातच राहिली असती. त्या तिघांची तोंडं मला आता माहीत आहेत.

सावळी मार्चअखेर साताऱ्याला गेली. तळमजल्यावरचं घर, आजी, आई-वडील आणि सातवीतली मुलगी. वही तिच्याबरोबर गेली. ऑगस्टमध्ये त्या मुलीचा फोन आला. "काकू, गणपती येणारेत. ती झांजेला घाबरते का? वहीत नाहीये."

वहीत नव्हतंच. सावळी माझ्याकडे जानेवारी ते मार्च होती, त्या दिवसांत आरतीच्या झांजा कुठून असणार? मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. कुकरचं पान काढ, तसंच करून बघ. लांबून, हळू, आणि झांज आधी, खाऊ नंतर."

विसर्जनानंतर तिनं मला त्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. माझं अक्षर आदल्या पानावर संपतं. या पानावर तिचं आहे, जरा तिरकं, निळ्या शाईतलं : 'झांज चालते. टाळ्या चालतात. ढोल चालत नाही. ढोल आला की आजी तिला घेऊन माजघरात बसते.'