अर्धी गोष्ट

मला आज ‘कादंबरी आणि चित्रपट’ असा ऐसपैस विषय दिला होता. तो मी परस्पर आखडून घेतलाय. एकच पुस्तक, त्यावरचा एकच चित्रपट आणि माझी एकच तक्रार, एवढंच बोलणार आहे. पुस्तक मिखाएल एंडे या जर्मन लेखकाचं, १९७९ सालचं. चित्रपट वोल्फगांग पीटरसन यांचा, १९८४ सालचा. ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल, मुलांना दाखवला असेल. तो पांढरा, केसाळ, उडणारा ड्रॅगन आठवतोय ना? तोच. त्यामुळे कथानक सांगत बसत नाही.

तक्रार अशी, की चित्रपट पाहिलेली माणसं मला ठामपणे सांगतात, ‘आम्हाला ती गोष्ट माहीत आहे.’ अहो, अर्धी माहीत आहे. हे मी रागाच्या भरात बोलत नाही, हिशेबच आहे तसा. कादंबरीची प्रकरणं २६. जर्मन मुळाक्षरांच्या क्रमानं प्रत्येक प्रकरण एकेका अक्षरानं सुरू होतं. चित्रपट बाराव्या प्रकरणाच्या आसपास येऊन थांबतो. बास्तियान नावाचा मुलगा पुस्तक वाचता वाचता त्यातल्या कल्पनाराज्याच्या बालसम्राज्ञीला नवं नाव देतो, बुडालेलं ते राज्य वाचतं, ड्रॅगनवर बसून तो आपल्या गावात येतो, त्रास देणाऱ्या पोरांना पळवून लावतो, गाणं वाजतं, दिवे लागतात. लोक घरी जातात.

आणि एंडेंची खरी गोष्ट तिथून पुढं सुरू होते!

पुढं काय आहे? इच्छा आहेत. बास्तियान त्या राज्यात जातो आणि जे मागेल ते त्याला मिळतं. कादंबरीतला बास्तियान लठ्ठ आहे, फिकट आहे, वर्गात चेष्टेचा विषय आहे. चित्रपटातला मुलगा चांगला देखणा, हेही जाता जाता लक्षात ठेवा. तर हा लठ्ठ मुलगा देखणा होतो, मग बलवान, मग शूर, मग कीर्तिमान. आणि प्रत्येक इच्छेगणिक त्याची मागच्या जगातली एकेक आठवण पुसली जाते.

तुम्ही वाण्याकडची उधारीची वही पाहिली आहे. निदान माझ्या वयाच्या श्रोत्यांनी तरी पाहिली आहे. पोरगं दुकानात जातं, गोळ्या घेतं, बिस्किटं घेतं, ‘लिहून ठेवा’ म्हणतं आणि खिसे फुगवून बाहेर पडतं. चित्रपट इथं संपतो. फुगलेले खिसे दाखवतो आणि टाळ्या घेतो. तिथं सम्राज्ञी मुलाला सांगते, की तू जितक्या इच्छा करशील तितकं राज्य बहरेल. वहीचा विषयच नाही. कादंबरीत मात्र महिनाअखेर येते. आणि या दुकानाची गंमत अशी, की पैशाऐवजी वजावट होते ती आठवणींची. आपण लठ्ठ होतो हे विसरला, की आपण काहीतरी विसरलो आहोत हेही त्याला कळत नाही. कुणी वही दाखवली तरी तो म्हणेल, हे खातं माझं नव्हेच.

मग तो बिघडतो. हो, नायक बिघडतो. झायिदे नावाची चेटकीण त्याचे कान भरते. आत्रेयू, ज्याचे पराक्रम वाचत हा मुलगा शाळेच्या माळ्यावर दिवसभर बसून होता, तो सावध करायला जातो, तर बास्तियान त्याला हाकलून देतो. स्वतः सम्राट व्हायला निघतो. त्यापायी लढाई होते आणि आपल्याच मित्रावर तो तलवार चालवतो. मुलांच्या पुस्तकात असं लिहायला छाती लागते.

त्यानंतर तो एका शहरात पोचतो. त्याच्या आधी कल्पनाराज्यात आलेली आणि परत न गेलेली माणसं तिथं राहतात. सगळ्या आठवणी खर्च झालेल्या. आठवण नाही म्हणून नवी इच्छाही करता येत नाही. खातं संपलं, दुकान बंद. ही माणसं अक्षरांचे फासे टाकत बसतात आणि त्यांच्यावर देखरेख करायला एक माकड. या प्रकरणावर वेगळं बोलायला हवं. फाशांतून शब्द पडतात, कधीतरी वाक्य पडतं, एंडेंना त्यातून सुचवायचं असं असावं की... जाऊ द्या, वेळ थोडा आहे.

चित्रपट वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या काळचा तो जर्मनीतला सर्वांत खर्चिक चित्रपट होता. दलदलीत आत्रेयूचा घोडा बुडतो तो प्रसंग पाहून आज पन्नाशीला आलेली माणसंही डोळे पुसतात. कादंबरीतला घोडा बोलतो आणि मला मरताना पाहू नकोस असं मालकाला विनवतो. पडद्यावरचा घोडा मुका आहे आणि तिथं मुका घोडाच जास्त लागतो. हे श्रेय पीटरसन यांना द्यायलाच हवं. राज्य गिळणारी ती पोकळी मात्र कादंबरीत अशी आहे, की तिकडं पाहिलं तर आपण आंधळे झालो की काय असं वाटतं. ती पडद्यावर कशी आणणार? त्यांनी वादळ दाखवलं. समजून घेऊ.

पण एंडेंनी समजून घेतलं नाही. सुरुवातीला ते स्वतः पटकथेच्या कामात होते. पुढं पटकथा बदलत गेली, तेव्हा त्यांनी माझं नाव काढा म्हणून सांगितलं, कोर्टात गेले आणि हरले. लेखक तिरसट होता असं म्हणणारे आहेत. मी म्हणतो, त्यांच्या जागी तुम्ही असता तर? तुमच्या गोष्टीतली वहीच फाडून टाकली आणि दुकान तेवढं ठेवलं, तर?

पुन्हा सांगतो, कारण इथंच लोकांचं लक्ष सुटतं. उत्तरार्ध गाळला म्हणून गोष्ट नुसती आखूड झाली असती, तर मी इथवर आलोच नसतो. ती उलटी झाली. ड्रॅगनवर बसून पोरांना पळवून लावणं हा चित्रपटाचा शेवट. कादंबरीत बास्तियानची ताकदीची आणि दराऱ्याची हाव म्हणजे त्याच्या घसरणीची सुरुवात आहे. म्हणजे लेखकानं ज्याला आजार म्हटलं, तेच चित्रपटानं औषध म्हणून दिलं.

आणि बास्तियान त्यातून सुटतो कसा? आईबापांची आठवण जाते, शेवटी स्वतःचं नावही जातं. ज्या पाण्यातून आपल्या जगात परतायचं, ते पाणी त्याला विचारतं, इथं सुरू केलेल्या सगळ्या गोष्टी तू पुऱ्या केल्यास का? केलेल्या नसतात. तेव्हा ज्याच्यावर तलवार चालवली तो आत्रेयू पुढं होतो आणि त्या मी पुऱ्या करीन असं वचन देतो. वहीला जामीन राहतो म्हणा ना. मग हा घरी येतो. आई गेल्यापासून मुका झालेला बाप पहिल्यांदा रडतो. दुसऱ्या दिवशी मुलगा पुस्तकांच्या दुकानात जाऊन, मी तुमचं पुस्तक चोरलं, असं कबूल करतो. चित्रपटात तर चोरीच नाही! तिथं तो ‘परत करीन’ अशी चिठ्ठी ठेवून पुस्तक नेतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच हिशेब मिटवून टाकला, मग पुढं फेडायचं काय?

१९९० साली दुसरा चित्रपट आला. त्यात उत्तरार्धातलं थोडं आहे, आठवणी जाण्याचंही आहे. पण तो कुणाच्या फारसा लक्षात नाही आणि माझ्याही नाही.

काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण करताहेत. लांडग्याचं राहिलंच. पोकळीत पडलेली कल्पनाराज्यातली माणसं आपल्या जगात खोटेपणाच्या रूपानं येतात, असं तो लांडगा आत्रेयूला सांगतो. तेही चित्रपटानं सोडलं. त्यावर दहा मिनिटं तरी हवी होती. असो. तर मंडळी, मुलांना चित्रपट जरूर दाखवा, पण पुस्तकही हाती द्या. चित्रपट पाहिलाय म्हणून तेराव्या प्रकरणापासून वाचायला लावू नका. पहिल्यापासूनच वाचू द्या, कारण बारावं प्रकरणही चित्रपटात धड आलेलं नाही. त्यात एक म्हातारा आहे, तो ही गोष्ट लिहीत असतो, आणि सम्राज्ञी त्याला ती पहिल्यापासून वाचायला लावते, तेव्हा... नाही, वेळ झाली.