दवाखान्यातून सुट्टी झाली, पुढे काय?

(अल्लीपूर येथे युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, आलिमही नाही. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, सणावाराला गावी येतो. त्यामुळे आज मी उपदेश करणार नाही. आमच्या घरात एक चूक झाली, ती सांगणार आहे. ज्याच्याबद्दल सांगतोय त्या माझ्या फुफीच्या मुलाला विचारलं आहे. तो म्हणाला, नाव सोडून सगळं सांग भाई.

चार वर्षांपूर्वी त्याने घरातल्या गोळ्या खाल्ल्या. कोणत्या, किती, ते सांगत नाही. त्याची कुणालाच गरज नाही. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, उधारी झाली होती, आणखीही काही होतं जे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. रात्री फोन आला, मी ट्रॅव्हल्सने निघालो. सकाळी पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग जमादार बयान घ्यायला आले. विषबाधेची किंवा गोळ्यांची केस आली की दवाखाना एमएलसी नोंदवतो, हे तुम्हाला माहीत आहे. व्हरांड्यात सगळे घाबरले. फुफी रडत होती, पोराला आता जेलमध्ये टाकतील म्हणून. घरात शिकलेला मी. मग वाक्य मीच तयार केलं: "डोकं दुखत होतं, चुकून जास्त गोळ्या घेतल्या." सगळ्यांनी तेच सांगितलं, त्यानेही.

माझ्या त्या हुशारीने काय केलं ते ऐका. चुकून घेतल्या म्हटल्यावर मनाच्या डॉक्टरांना बोलवायचं कारणच उरलं नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी झाली. कागदावर प्रकृती स्थिर असं लिहिलं होतं, सोबत पित्ताच्या गोळ्या. तीन दिवसांत त्याला कुणीही विचारलं नाही की तुला आता कसं वाटतं, पुन्हा तसा विचार येतो का. दवाखान्याने विचारलं नाही, ठीक आहे. मी तरी कुठे विचारलं? मी त्याच्या खाटेजवळ स्टुलावर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत होतो.

पाच महिन्यांनी त्याने पुन्हा तेच केलं. अल्लाहचं करम, तेव्हाही वाचला. पण या वेळी दवाखाना दुसरा होता आणि खोटं बोलायची आमची ताकद संपली होती. मानसोपचार विभागातली एक तरुण डॉक्टर आली, आम्हाला बाहेर काढलं आणि तासभर त्याच्याजवळ बसली. त्या तासात जे निघालं ते आम्हाला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

आता कायद्याचं. ज्या भीतीने मी खोटं रचलं, ती तेव्हाच जुनी झाली होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं मानायचं, उलट सिद्ध होत नाही तोवर. त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा: अशा माणसाची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे, पुन्हा तसं होऊ नये म्हणून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात जुनं कलम ३०९ राहिलेलंही नाही. एमएलसी होते, पोलीस येतात, विचारतात. ती नोंद आहे, गुन्हा नाही. म्हणून खरं सांगा, आणि सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी म्हणा, "मानसोपचार तज्ज्ञांनी बघितल्याशिवाय आम्ही नेत नाही." हे मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं आहेत. मनाचे डॉक्टर फक्त नागपूरला असतात, हे आपलं जुनं निमित्त झालं.

बाहेर पडल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. २००८ साली तो छापून आला. प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेले १,८६७ लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांशी सुट्टीआधी तासभर बोलणं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. दीड वर्षानंतर पहिल्या गटात शंभरात दोनाहून थोडे जास्त लोक आत्महत्येने गेले होते, म्हणजे हजारात बावीस. दुसऱ्या गटात हजारात दोन. मी हा आकडा दोनदा तपासला, कारण इतक्या स्वस्त गोष्टीवर माझा विश्वास बसेना. नऊ फोन! आमच्याकडे सर्व्हर बंद पडला तर तो सुरू केल्यावरही आठवडाभर कुणीतरी नजर ठेवतो, तिकीट लगेच बंद करत नाही. माणसाचं तिकीट आपण तिसऱ्या दिवशी बंद करतो.

ते फोन डॉक्टर, नर्स, मानसशास्त्रज्ञ यांनी केले होते, हेही सांगतो. आपण दोस्तांनी केलेला फोन त्याची जागा घेणार नाही. पण तारखेला त्याला दवाखान्यात कोण नेणार, घरातली औषधं आणि फवारणीचे डबे कुलपात कोण ठेवणार, हे आपलंच काम आहे. राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आहे, वर्धा त्यात आहे, आशाताई घरी जाऊन विचारतात. पण त्याचा रोख शेतकरी कुटुंबांवर. आपल्या मोहल्ल्यात जमीन किती जणांकडे आहे? गॅरेजवाला, हातगाडीवाला, मोबाइलवाला यांना कोण विचारणार?

एक गोष्ट जपून बोलतो. तो घरी आला तेव्हा फार थोडे लोक भेटायला आले. पाय मोडला असता तर अंगणात खुर्च्या पुरल्या नसत्या. जे आले त्यातल्या दोघांनी त्याला हराम शब्द ऐकवला. खुदकुशी हराम आहे, त्याला ते मदरशापासून पाठ आहे. सूरह निसाच्या ज्या आयतीचा हवाला देतात, ती अल्लाहच्या रहमतीवर संपते. तेवढं कुणी सांगितलं नाही. आजारी माणसाची इयादत हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क आहे, हदीसमध्ये सलामच्या जवाबासोबत मोजलेला. त्यात आजार कोणता, ही अट कुठे आहे?

आणि विचारलं तर त्याच्या डोक्यात विचार भरेल, ही भीती सोडा. विचार आधीच असतो, विचारल्याने बाहेर येतो. तुम्हाला जमत नसेल तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतं, मराठीत बोलतात. इथे बसलेल्यांपैकी कुणाला स्वतःसाठी हवा असेल तर नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घ्या, शेजारच्याला कळायचं कारण नाही.

परवा मी त्याला विचारलं, पहिल्या वेळी मी लॅपटॉप बंद करून विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पहिल्यांदा विचारलं असतं तर नाही. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर सांगितलं असतं."