पाचामुखी परमेश्वर

महजर म्हणजे गोतसभेचा लेखी निवाडा. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे आणि बलुतेदार एकत्र बसत. निकाल मान्य करू, असा राजीनामा वादी-प्रतिवादी आधीच लिहून देत. राजीनामा या शब्दाचा हा जुना अर्थ आज हरवला आहे. लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. असे कागद इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवले. गोतसभेत मान वतनाने ठरे, स्त्रियांना जागा नसे. ही उणीव लहान नव्हे. तरी निवाड्याचा भार गावाने स्वतः उचलायचा असतो, ही जाण त्या निशाण्यांत स्पष्ट दिसते. ती अक्षरांवर अवलंबून नव्हती.

1818 मध्ये पेशवाई संपल्यावर दिवाणी तंटे पंचायतीकडेच ठेवावेत, असे इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनचे मत होते. पण 1827 च्या कायद्यांनी कोर्टे पक्की झाली आणि पंचायत मागे पडली.

सामान्य नागरिकांनी कौल देण्याची इंग्रजांची पद्धत म्हणजे ज्यूरी; पण ती मुंबईसारख्या शहरांत आणि सरकार ठरवील त्या जिल्ह्यांतच बसे. 1908 मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवणाऱ्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. ज्यांच्यासाठी टिळकांनी लिहिले, त्यांच्यातला एकही माणूस त्या बाकावर नव्हता. 1959 मध्ये नानावटी खून खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी आलेला निर्दोषपणाचा कौल न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाकडे धाडला आणि तेथे तो फिरला. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही.

न्यायाच्या कामात बसण्याची इच्छा असलेल्या सुशिक्षित नागरिकासाठी मग काय उरते? पंच. निवाडा देण्याचा अधिकार गेला. पाहिले ते खरे सांगण्याचे काम राहिले. झडतीच्या वेळी त्या भागातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, असे कायदा म्हणतो. लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे. प्रत्यक्षात पोलीस बोलावू लागले की भली माणसे घरात शिरतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मग तेच ते ठरलेले पंच सह्या करतात आणि उलटतपासणीत खटला ढासळतो.

सुशिक्षित पंचाचे मोल येथे कळते. पंचनाम्यात सुरू आणि संपल्याची वेळ, जागेच्या चतुःसीमा, सापडलेली वस्तू आणि तिची खूण लिहिलेली असते. मुद्देमाल त्याच्यासमोर सीलबंद होतो, लेबलावर त्याची सही होते. त्याने प्रत्येक ओळ वाचावी, न पाहिलेले खोडायला लावावे आणि कोऱ्या कागदावर सही करू नये. काही वर्षांनी समन्स येते, तेव्हा तीच सही त्याला दाखवतात. त्या दिवशी तो फिरला तर निरपराध अडकू शकतो किंवा गुन्हेगार सुटू शकतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. दोन पंचांची अट मात्र तिनेही काढलेली नाही.