माळरानावरील मुक्काम

घर सोडून हिंडावयास निघालेल्या मनुष्यास दोन गोष्टी एकाच वेळीं हव्या असतात : घरापासून सुटका आणि घराचें सुख. या दोहोंची सांगड घालण्याच्या खटपटींतून चाकांवरचें घर जन्मास आलें. १८८५ सालीं विल्यम गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश आरमारांतील माजी डॉक्टरानें दोन घोड्यांनीं ओढावयाची अशी गाडी केवळ हौसेच्या प्रवासासाठीं बांधून घेतली व तिचें नांव 'वाँडरर' म्हणजे 'भटक्या' असें ठेविलें. पुढें घोडे गेले, मोटारी आल्या, आणि असें घर मोटारीच्या मागें जोडून अमेरिकेच्या व ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत लोक वीज व नळ यांवांचून दिवसच्या दिवस राहूं लागले. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण ठरविलें. हा शौक आतां आपल्याही दाराशीं आला आहे.

आपल्याकडे वाळूचें वाळवंट नाहीं. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पसरलेला सोलापूरचा माळ त्याच्या जवळपास येतो. महाबळेश्वरास जेवढा पाऊस पडतो त्याच्या एकदशांशाइतका, म्हणजे वर्षास सुमारें ५५० मिलिमीटर, सोलापुरास पडतो. आणि तोही लहरी. वैशाखांत पारा ४० अंशांपलीकडे जाणें ही तेथें नवलाची गोष्ट नव्हे. झाड म्हणावें तर एखादी बाभूळ किंवा बोर. बाकी क्षितिजापर्यंत मुरूम आणि गवत.

या माळावर चालतें-फिरतें बिऱ्हाड कसें थाटावें हें शिकावयास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. सांगोला, माळशिरस, मंगळवेढें या भागांतील मेंढपाळ धनगर पिढ्यान्‌पिढ्या तेंच करीत आले आहेत. त्यांचा वाडा म्हणजे विटामातीची इमारत नव्हे. कांहीं कुटुंबें, त्यांचीं मेंढरें, तट्टें आणि कुत्रीं मिळून हा वाडा होतो. तट्टाच्या पाठीवर भांडींकुंडीं, धान्य, चुलीचें साहित्य आणि चालूं न शकणारीं कोंकरें. मेंढरांच्या लोंकरीचें घोंगडें हेंच अंथरूण, पांघरूण आणि पावसांतील आडोसा. हौशी प्रवाशाचें सामान जेथें प्रत्येक कामास एक वस्तु या हिशेबानें वाढतें, तेथें धनगराची एक वस्तु चार कामें करते.

परंतु खरा धडा सामानाचा नाहीं, पाण्याचा आहे. उन्हांत दिवसभर चालणाऱ्या मनुष्यास पिण्यासच चार-पांच लिटर पाणी लागतें. दोघांनीं दोन दिवस राहावयाचें ठरविलें तर वीस लिटर, म्हणजे वीस किलो वजन, केवळ तहानेचें झालें. स्वयंपाक व धुणें-भांडीं निराळींच. वीज छपरावरच्या सौर तावदानांतून मिळेल, पण पाणी कोणतेंही यंत्र उन्हांतून काढून देत नाहीं. म्हणून माळावरील मुक्काम किती दिवसांचा, हें रजा ठरवीत नाहीं, पाण्याचें भांडें ठरवितें. अर्धें पाणी संपलें कीं परतीची वाट धरावी, हा नियम शहाण्यानें मोडूं नये.

शेंकडों मेंढरें बाळगणारा धनगर हा प्रश्न कसा सोडवितो? तो एकटा राहत नाहीं. पीक निघालेल्या शेतांत तो मेंढरें बसवितो. त्यांच्या लेंड्यांनीं व मुतानें जमीन सकस होते, आणि मोबदल्यांत शेतकरी धान्य किंवा पैसे देतो व विहिरीवर पाणी पाजूं देतो. बाहेरून पाहणारास जें जीवन जगापासून तुटलेलें वाटतें, तें वस्तुतः गांवोगांवच्या ऋणानुबंधांवर उभें आहे. शहरांतून गेलेल्या प्रवाशानें निदान एवढें करावें, कीं जवळच्या गांवांत आपण कोठें व किती दिवस राहणार हें सांगून ठेवावें, आणि जमीन ज्याची असेल त्यास विचारल्याखेरीज चाक थांबवूं नये.

बाकीच्या गोष्टी ऋतु शिकवितो. जावें तें मार्गशीर्ष-पौषांत. चालावें तें पहाटे आणि उतरत्या उन्हांत. गाडी मुरमाड जमिनीवर उभी करावी, कारण काळ्या रानांत एक सर आली तरी चाकें रुतून बसतात. ओढ्याच्या कोरड्या पात्रांत मुक्काम करूं नये. वर कोठें पाऊस झाला तर पाणी न सांगतां येतें. आणि उघड्यावर जाळ करूं नये. वाळलेल्या गवतास एक ठिणगी पुरे होते.

हें गवतच या माळाचें धन आहे. सोलापुराहून बार्शीच्या वाटेनें सुमारें २० किलोमीटरांवर नान्नज येथें माळढोक पक्ष्याचें अभयारण्य आहे. तें १९७९ सालीं स्थापन झालें. माळढोक हा जगांतील वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकीं एक. त्याची मादी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. पखुर्डी, टिटवी, चंडोल यांचा संसारही जमिनीवरच. वाट सोडून गेलेल्या एका गाडीच्या चाकाखालीं काय जाईल हें हांकणारास कळतही नाहीं. म्हणून अभयारण्यांत वनखात्याच्या अनुज्ञेनें, नेमल्या वाटेनेंच जावें, आणि मुक्काम बाहेर करावा.

सलीम अली यांनीं माळढोकास राष्ट्रीय पक्षी करावें असें सुचविलें होतें. १९६३ सालीं तो मान मोरास मिळाला. आज देशभरांत मोकळ्या रानांत माळढोक दीडशेंच्या आसपासच उरले असावेत, आणि सोलापूरच्या माळावर त्याचें दर्शन ही दैवाची गोष्ट झाली आहे. त्याचा घात केवळ शिकाऱ्यांनीं केला नाहीं. माळ म्हणजे पडीक जमीन, ती नांगरावी, तिच्यावर झाडें लावावीं, कांहींतरी उभारावें, या सद्‌हेतूच्या समजुतीनेंही केला. याच समजुतीनें धनगराचें कुरणही आक्रसत चाललें आहे. ज्यास आपण ओसाड म्हणतों तेथें कोणाचें तरी घर असतें.

म्हणून माळावर जाणारानें जरूर जावें. रात्रीं दिव्यावांचून तारे पाहावे, दूरचा लांडगा ऐकावा, पहाटे गवतावरून सरकणारें काळविटांचें कळप पाहावें. मात्र जातांना आपण रिकाम्या जागीं जात नसून दुसऱ्याच्या घरीं पाहुणे म्हणून जात आहों, याचें भान ठेवावें. पाहुण्यानें आपलें पाणी आपण न्यावें, आपला केर आपण परत आणावा, आणि उठल्यावर जागा अशी सोडावी, कीं यजमानास तो येऊन गेल्याचें कळूंही नये.