हार मानणारा हात



ज्या खेळाबद्दल मी बोलणार आहे तो आमच्या घरी लागला की निम्मी माणसं उठून आत जातात, हे आधीच सांगून टाकतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवार उजाडलेला असतो. लास व्हेगासच्या मुख्य लढतीची वेळ आणि आपल्या पोह्यांची वेळ साधारण एकच. समोर बशी आणि पडद्यावर कुणाची तरी फुटलेली भुवई. नव्या माणसाला घास उतरत नाही, हे मला मान्य आहे.

ठोसे, लाथा, कोपर, गुडघे, सगळं यात चालतं. पण इतकी वर्षं मी हा खेळ बघतोय तो त्यासाठी नव्हे. माझी नजर असते एका पंजावर. जो खाली सापडलाय, ज्याच्या मानेभोवती दुसऱ्याचा हात आवळत चाललाय, त्याचा मोकळा राहिलेला पंजा. तो पंजा समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर दोन-तीनदा थापटला की लढत संपली. याला टॅप म्हणतात. हरणाऱ्यानं आपणहून सांगायचं, बस, झालं. पंचानं झेप घेऊन मध्ये पडायचं आणि जिंकणाऱ्यानं तत्क्षणी सोडायचं. तोंडानं सांगितलं तरी चालतं, पण गळा आवळलेला असताना तोंडातून शब्द कुठला फुटायला!

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर शहरात एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसीची पहिली स्पर्धा भरली. कराटेवाला, मुष्टियोद्धा, सुमो, कुस्तीगीर अशांना एका अष्टकोनी पिंजऱ्यात सोडलं तर उभा कोण राहतो, एवढंच बघायचं होतं. तेव्हा वजनगट नव्हते, गुणही नव्हते. जिंकायचं असेल तर एका रात्रीत तीन लढती. आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातात ग्लव्ह घालून उतरला, दुसरा हात उघडा. समोर ब्राझीलचा रॉयस ग्रेसी, जुजुत्सू या पेचांच्या खेळाचा पांढरा पोशाख घातलेला, शिडशिडीत. ग्रेसीनं त्याला खाली घेतलं, छातीवर बसला, आणि धड कुठला फास लागायच्या आतच जिमरसननं जमीन थापटली. ग्लव्ह हातातच होता.

त्या रात्री ग्रेसीनं तिघांना हरवलं आणि तिघांनीही टॅप केला. शेवटच्या लढतीत गेरार्ड गोर्डो ग्रेसीच्या कानाला चावला होता. म्हणून त्यानं थापटल्यावरही ग्रेसीनं फास जरा जास्तच वेळ धरून ठेवला. ते काही खेळाच्या नियमात बसत नव्हतं. तो चाव्याचा हिशेब होता.

मी जत्रेतल्या कुस्त्या बघत मोठा झालो. त्यामुळे पिंजऱ्यातला एखादा वाकून समोरच्याच्या दोन्ही मांड्यांना मिठी घालतो आणि उचलतो, तेव्हा 'दुहेरी पट!' असं तोंडातून निघून जातं. दागिस्तानचा खबीब नुरमागोमेदोव्ह तर मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. त्या मोडलेल्या कानांवर त्याला खासबागेच्या कुस्ती मैदानात पहिल्या रांगेत जागा मिळाली असती. २९ लढती, एकही हार नाही, आणि २०२० मध्ये वडील गेल्यानंतर एक शेवटची लढत जिंकून त्यानं खेळ थांबवला. त्याला बघताना मला कुणी काही शिकवावं लागलं नाही. वर राहायचं, दाबून ठेवायचं, समोरच्याला उठू द्यायचं नाही. हे तालमीतलंच आहे.

पंचाईत झाली ती खाली पडलेल्याला बघताना. आपल्याकडे पाठ मातीला लागली की हलगी कडाडते, फेटे उडतात, विषय संपतो. या खेळात पाठ टेकल्यावर निम्मा खेळ सुरू होतो. खालचा माणूस वरच्याच्या कमरेला पायांची कात्री घालतो, मनगट पकडून ठेवतो आणि वाट बघतो. कुस्तीवर पोसलेल्या डोळ्यांना हे पटतच नाही. आस्मान दिसलेला गडी अजून लढतोय कसला?

मला ते पटवलं ७ ऑगस्ट २०१० च्या लढतीनं. अँडरसन सिल्वा मिडलवेटचा विजेता, त्याच्यासारखे ठोसे त्या काळात कुणाचे नव्हते. आव्हान देणारा चेल सोनन हा अमेरिकन कुस्तीगीर, जीभ ठोशापेक्षा तिखट. सोनननं पहिल्या फेरीपासून सिल्वाला खाली घेतलं आणि फेरीमागून फेरी त्याच्यावर बसून ठोकलं. पाच मिनिटांची एक फेरी, अशा साडेचार फेऱ्या. सिल्वा सगळा वेळ पाठीवर. गुणांवर तो केव्हाच हरला होता, आता औपचारिकता तेवढी उरली होती. पाचव्या फेरीत दोनेक मिनिटं राहिली असताना सोननचा एक हात पुढे आला. सिल्वानं मनगट पकडलं, एक पाय त्याच्या मानेवर टाकला, दुसऱ्या पायाच्या गुडघ्याखाली त्याला कुलूप घातलं. सोननची मान आणि त्याचाच एक खांदा त्या त्रिकोणात अडकला. त्याचा पंजा हलला. मग थापटलं की नाही थापटलं, यावर तो क्षणभर का-कू करत राहिला. पण पंचानं बघितलं होतं. तेवीस मिनिटं मार खाणारा माणूस जिंकला होता. पाठीवर पडलेल्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघतो.

आता हे पेच करतात काय? दोन जाती आहेत. एक गळ्याचा. यात श्वास कोंडण्यापेक्षा मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबायच्या असतात. मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. लगेच सोडलं तर माणूस सहसा तसाच शुद्धीवर येतो, कुठे आहोत म्हणून इकडेतिकडे बघतो. दुसरी जात सांध्यांची. कोपर उलटं वाकवायचं, खांदा पिळायचा. इथे शुद्ध शाबूत असते आणि मोडतं ते हाड.

खांदा पिळायच्या एका पेचाला किमुरा म्हणतात. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा जुदोपटू मासाहिको किमुरा आणि एलिओ ग्रेसी समोरासमोर आले. एलिओ म्हणजे आपल्या रॉयसचे वडील. किमुरानं हात पिळला. एलिओ काही थापटेना. हाड मोडलं तरी थापटेना. शेवटी त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला. ब्राझीलच्या जुजुत्सूत तो पेच पुढे जिंकणाऱ्याच्या नावानं ओळखला जाऊ लागला. हरल्यावर एवढी दिलदारी मोठ्या घराण्यातच असते.

तसाच प्रकार १९७६ मध्ये कराचीत घडला. त्याच वर्षी जूनमध्ये टोकियोत मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्या खेळलेला आणि बहुतेक वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत राहिलेला जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी डिसेंबरात पाकिस्तानात आला. समोर अक्रम पैलवान, गामा पैलवानाचा पुतण्या. इनोकीनं हात पिळला. गामाच्या घरातला माणूस भरल्या मैदानात हार कबूल करतो होय? हात मोडला.

लहानपणी मी अशा गोष्टी ऐकून भारावून जायचो. आता तसं होत नाही, आणि त्याला कारण झाली एक रात्र. ५ मार्च २०१६, लास व्हेगास. आपल्याकडे ६ तारखेची सकाळ. मुख्य लढतीत आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर. तीनच महिन्यांपूर्वी त्यानं जोझे आल्डोसारख्या विजेत्याला तेरा सेकंदांत आडवं केलं होतं. त्याच्या बोलण्याला अंत नव्हता. समोर नेट डियाझ, अवघ्या अकरा दिवसांच्या सूचनेवर उभा राहिलेला. दुसऱ्या फेरीत डियाझचे ठोसे लागले, मॅकग्रेगर गडबडला, खाली गेला, आणि डियाझनं मागून गळा धरला. जगातल्या त्या सगळ्यात बोलक्या माणसाच्या पंजानं थापटलं.

त्याच्या आधीची लढत होती बायकांच्या विजेतेपदाची. हॉली होल्म विजेती. आदल्या नोव्हेंबरात तिनं आधीच्या विजेत्या रोंडा राऊझीला लाथेनं झोपवून जग हलवलं होतं. समोर मीशा टेट. चार फेऱ्या झाल्या तेव्हा गुणांवर होल्म पुढे होती. पाचवी फेरी नुसती उभ्या उभ्या काढली असती तरी पट्टा तिच्याकडेच राहिला असता. टेटनं तिला खाली ओढलं, पाठीला चिकटली, हात गळ्याखाली सरकवला. होल्म उठायला धडपडली, तिला पाठीवरून पुढे फेकायला गेली, फास सुटला नाही. आणि मग मी जे बघितलं ते आजही तसंच्या तसं आठवतं. होल्म थापटत नव्हती. तिचे हात समोर हवेत ठोसे मारत होते. समोर कुणीही नव्हतं. टेट तर पाठीवर होती. शुद्ध जात असताना आयुष्यभर मुष्टियुद्ध केलेले ते हात आपलं काम करत राहिले, आणि मग थांबले. पंचानं सोडवलं.

दुसऱ्या दिवशी बहुतेक चाहते होल्मची आरती ओवाळत होते आणि मॅकग्रेगरला भित्रा म्हणत होते. मला ते तेव्हाही पटलं नाही. होल्मचं मला कौतुक आहे, नाही असं नाही. पण मॅकग्रेगरनं केलं ते खेळातलंच होतं. तो ऑगस्टमध्ये परत आला आणि त्याच डियाझला पाच फेऱ्यांत गुणांवर हरवून गेला. हार मानता येते म्हणून तर हा खेळ आहे, नाहीतर कापाकापी झाली असती. गळ्याच्या पेचात एखादी होल्म हट्टानं बेशुद्ध पडली तर पुन्हा डोळे उघडते. हाड तेवढं उदार नसतं. २०११ मध्ये टोरंटोत फ्रँक मीरच्या किमुरात सापडलेल्या आन्तोनियो रोद्रिगो नोगेरानं थापटायला उशीर केला आणि दंडाचं हाड गेलं. नोगेरा जुजुत्सूतला केवढा जाणकार! पुढे काय होणार हे त्या पिंजऱ्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती फीत मी पुन्हा लावत नाही.

एक कबूल करायला हवं. टॅप सगळीकडे चालत नाही. ठोशाला टॅप फार क्वचित होतो. तिथे पंचाच्या डोळ्यांवर भरवसा. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या माराला तर पंचही नाही. वजनालाही टॅप नाही. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहण्यासाठी ही मंडळी अंगातलं पाणी घामावाटे काढून टाकतात, गाल बसलेले, चालवत नाही अशा अवस्थेत येतात. मे २०२२ मध्ये फिनिक्सला चार्ल्स ओलिव्हेराचं वजन अर्धा पाउंड जास्त भरलं. अर्धा पाउंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, एक पेलाभर पाणी. तेवढ्यासाठी लाइटवेटचा पट्टा काट्यावरच गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं जस्टिन गेचीला पहिल्याच फेरीत गळा आवळून हरवलं, पण पट्टा परत मिळाला नाही.

आणि पैसा. २००१ साली यूएफसी ही कंपनी विकली गेली वीस लाख डॉलरला, २०१६ मध्ये सुमारे चारशे कोटी डॉलरला. ज्यांच्या हाडांवर ही किंमत चढली त्यांच्या वाट्याला काय आलं, म्हणून जुने खेळाडू कोर्टात गेले. २०२४ मध्ये कंपनीनं साडेसदतीस कोटी डॉलर देऊन तडजोड केली. मी रविवारी टीव्ही लावतो तेव्हा माझेही चार पैसे या व्यवहारात असतात. म्हणून हे सांगितलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि बघणं मी सोडलेलंही नाही.

आपल्याकडे हा खेळ आला तो जरा चित्रपटाच्या थाटात. मार्च २०१२ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीग सुरू झाली, मागे राज कुंद्रा आणि संजय दत्त. मुख्य लढतीत अवाढव्य बॉब सॅप दोन मिनिटंही झाली नव्हती तोवर पाय धरून खाली बसला. पैसे वसूल झाले की बुडाले ते ज्यानं त्यानं ठरवलं. खरी सुरुवात मी धरतो २०१७ च्या नोव्हेंबरात. भरत खंडारे, कुस्तीतून आलेला खेळाडू, शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. समोर एकोणीस वर्षांचा चिनी पोरगा, सोंग यादोंग. पहिल्याच फेरीत गळ्याला फास लागून खंडारे हरला. मला त्याचं वाईट वाटलं, पण लाज मुळीच वाटली नाही. दार कुणीतरी उघडायचं असतं.

त्या दारातून पुढे पूजा तोमर आली, उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाण्याची. ८ जून २०२४ ला अमेरिकेत लुइव्हिल इथे तिची लढत ब्राझीलच्या रायान डॉस सांतोसशी. पहिल्या फेरीत पूजाच्या लाथा डॉस सांतोसच्या पोटावर अशा बसल्या की इथे खुर्चीत मी सावरून बसलो. दुसरीत डॉस सांतोस उलटून आली. तिसरीत पूजानं छातीत सरळ लाथ घालून तिला खाली पाडलं. पंधरा मिनिटं संपली आणि कुणाच्याच पंजानं काही सांगितलं नाही. अशा वेळी सांगायचं काम बाहेर बसलेल्या तीन पंचांकडे जातं. एकानं तिन्ही फेऱ्या पूजाला दिल्या, ३०-२७. दुसऱ्यानं तिन्हीच्या तिन्ही डॉस सांतोसला, २७-३०. तिसऱ्यानं २९-२८ पूजाला, आणि यूएफसीत भारताच्या नावावर एक विजय लागला.

मी पहिली आणि तिसरी पूजाला दिली होती, दुसरी डॉस सांतोसला. माझं चुकलं असं वाटत असेल तर लढत पुन्हा लावा आणि आपले आकडे स्वतः मांडा. मात्र बघताना टीव्हीचा आवाज बंद ठेवा. समालोचक ज्याच्यावर खूश असतो त्याच्याच लाथा आपल्याला दिसायला लागतात.